तबकडीत न मावलेला पियानो

गोदाकाठचे पुणतांबे आपण ओळखतो ते चांगदेवांच्या समाधीमुळे आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानकामुळे. पूर्वी कोपरगाव तालुक्यात मोडणाऱ्या या गावी १२ जानेवारी १९१८ रोजी रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म झाला. चित्रपटसृष्टीत ते सी. रामचंद्र म्हणून प्रसिद्धी पावले. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांपाशी शास्त्रोक्त गायनाचे धडे गिरवलेल्या या संगीतकाराने 'शहनाई' (१९४७), 'अलबेला' (१९५१) आणि 'आशा' (१९५७) या चित्रपटांना जी उसळती लय दिली, ती पुणतांब्याच्या भजनात नव्हती आणि बुवांच्या तालमीतही नव्हती. मग ती आली कोठून?

'पाश्चात्त्य संगीताचा प्रभाव' हे उत्तर ठरलेले आहे. हे तीन शब्द लिहिले की आपल्याकडील चित्रपटसंगीताचा अभ्यासक पुढच्या प्रकरणाकडे वळतो. परंतु प्रभाव वाऱ्यावर येत नाही. तो कोणा एका माणसाच्या बोटांतून निघून दुसऱ्याच्या कानात शिरतो, तिसऱ्याच्या वहीत उतरतो आणि चौथ्याच्या नावावर गाजतो. या साखळीतील माणसे आपण ओळखू पाहत नाही. त्यांतील एकाच्या कलाजीवनाची पारख करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हा माणूस पियानोवादक होता. तो अमेरिकेत जन्मला, शांघायमध्ये गाजला, मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला आणि कलकत्त्यात पटकीने मेला. टेडी वेदरफर्ड हे त्याचे नाव. मराठी वाचकाच्या कानावर ते सहसा पडलेले नसते.

त्यांच्याकडे वळण्यापूर्वी दोन शब्दांचा उलगडा करणे आवश्यक आहे. 'ब्लूज' म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे दुःखगीत. गुलामगिरी कायद्याने संपली, पण कापसाची शेते, कर्ज आणि अपमान तसाच राहिला. त्या काळात ते रूपाला आले. त्याची घडण साधी आहे. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड. गाण्याच्या तीन ओळी, त्यांतील पहिली पुन्हा म्हणायची आणि तिसरीत उत्तर द्यायचे. जात्यावर बसलेली बाई एकच ओळ पुन्हा घोळवते तेव्हा तिला पुढची ओळ सुचायला अवधी मिळतो आणि दुःखही थोडे पिठाबरोबर बाहेर पडते. ब्लूजमधील पुनरुक्ती त्याच जातीची. अमेरिकेतील कित्येक धर्मनिष्ठ कृष्णवर्णीय कुटुंबांत या गाण्याला सैतानाचे संगीत म्हणत. सेमिनरीत स्तोत्रसंहिता अभ्यासलेल्या माणसाला हे थोडे नवलाचे वाटते. स्तोत्रांमध्ये विलापस्तोत्रांचा वाटा मोठा आहे, आणि त्यांतील अठ्ठ्याऐंशीवे तर असे की, त्याच्या अखेरीस आशेचा कवडसादेखील नाही. ते अंधारातच संपते. इस्राएलने ते वगळले नाही, ख्रिस्तसभेनेही वगळले नाही.

'बूगी-वूगी' हे त्याच ब्लूजचे पियानोवरील धावते रूप. यात उजवा हात काय वाटेल ते बोलतो. पण डावा हात एकाच घोळणाऱ्या आकृतीला बांधलेला असतो. चार मात्रांत आठ स्वर, पुन्हा पुन्हा, न थांबता. कोळशाच्या इंजिनाची गाडी स्थानक सोडून वेग घेऊ लागली की तिच्या चाकांचा जो ठेका जमत असे, तो आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना अजून आठवत असेल. बूगी-वूगीचा जन्म लाकूडतोड्यांच्या वसाहतींत आणि रेल्वेच्या आश्रयाने झाला असे मानतात, आणि मीड लक्स लुईस यांची १९२७ साली ध्वनिमुद्रित झालेली सर्वांत नामांकित रचना आगगाडीच्याच नावाची आहे. आपल्या चर्चमधील तरुण गायकवृंद जो विजेचा की-बोर्ड वापरतात, त्याच्या तालांच्या यादीतही बहुधा 'बूगी' हे नाव सापडते. बटण दाबले की डाव्या हाताचे सारे काम यंत्र करते. ज्या हाताने ते काम प्रथम केले तो हात दिवसभर ओझी उचलून आलेला होता, हे त्या बटणावर लिहिलेले नसते.

वेदरफर्ड यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ चा. जन्मगाव व्हर्जिनिया राज्यातील पोकाहाँटस, म्हणजे कोळशाच्या खाणींचे गाव. बालपण शेजारच्या ब्लूफिल्ड या रेल्वेच्या गावी गेले. (योगायोग असा की, मुंबईचे ताजमहाल हॉटेलही त्याच वर्षीच्या डिसेंबरात उघडले.) पुढे ते न्यू ऑर्लिअन्सला गेले, तेथे पियानो शिकले आणि १९२० नंतर शिकागोला आले. त्या काळी दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कुटुंबे लाखोंच्या संख्येने उत्तरेकडील कारखान्यांच्या शहरांत येत होती; शिकागोचा दक्षिण भाग त्यांच्या वस्तीने भरून गेला होता. तेथील व्हेंडोम चित्रपटगृहात अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद मूकपटांना साथ करी. चित्र सुरू होण्यापूर्वी आणि मध्यंतरात युरोपीय ऑपेरांच्या प्रस्तावना व नंतर जॅझ, असा कार्यक्रम असे. या वाद्यवृंदात बसायचे तर स्वरलिपी डोळ्यांनी वाचताक्षणी हातांनी वाजवता यावी लागे. वेदरफर्ड तेथे पियानोवर होते, आणि काही काळ त्यांच्या जोडीला ट्रम्पेट घेऊन लुई आर्मस्ट्राँग बसत. २८ मे १९२६ रोजी या वाद्यवृंदाच्या दोन रचना तबकडीवर उतरल्या. त्याच वर्षी वेदरफर्ड जॅक कार्टर यांच्या वाद्यवृंदाबरोबर आशियाकडे जाणाऱ्या बोटीत बसले.

जॅझचे इतिहासकार येथे हळहळतात. अर्ल हाइन्स हे नाव जॅझ पियानोच्या इतिहासात पहिल्या पानावर येते. १९२८ साली आर्मस्ट्राँग आणि हाइन्स यांनी मिळून ज्या तबकड्या केल्या, त्या या संगीताचा मानदंड मानल्या जातात. वेदरफर्ड शिकागोत राहिले असते तर त्या खुर्चीत कदाचित तेच असते, हाइन्स यांच्यावर आरंभी त्यांचीच छाप होती, असे म्हणणारे आहेत. निघून गेलेला माणूस आपल्या भाग्याला मुकला, असा या कथेचा सूर असतो. हा सूर मला मान्य नाही, आणि त्याचे कारण शिकागोत मागे राहिलेल्यांच्या कहाणीतच आहे.

बूगी-वूगी हे नाव तबकडीवर ज्यांनी रूढ केले त्या पाइनटॉप स्मिथ यांनी १९२८ च्या डिसेंबरात आपली रचना ध्वनिमुद्रित केली, आणि पुढील मार्च महिन्यात एका नृत्यगृहातील भांडणात गोळी लागून ते मरण पावले. वय पंचविशीच्या आत. जिमी यान्सी हे तर या शैलीचे कुलगुरू. त्यांनी आयुष्याची पंचवीस-एक वर्षे शिकागोच्या बेसबॉल मैदानावर गवत राखण्याची नोकरी केली आणि पियानो वाजवला तो मुख्यतः शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बैठकींत. मीड लक्स लुईस आणि आल्बर्ट अ‍ॅमन्स यांनी टॅक्सी चालवली. जॉन हॅमंड या श्रीमंत घरच्या गोऱ्या रसिकाने लुईस यांना शोधून काढले, तेव्हा ते गॅरेजमध्ये मोटारी धूत होते. याच हॅमंड यांनी २३ डिसेंबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये लुईस, अ‍ॅमन्स आणि पीट जॉन्सन यांना रंगमंचावर बसवले आणि एका रात्रीत बूगी-वूगी अमेरिकेची लाडकी झाली. म्हणजे मागे राहिलेल्यांना मिळाले ते गवत, टॅक्सी आणि दहा वर्षांनी आलेला एक शोधक. त्यांची नोंद झाली, कारण त्यांच्या तबकड्या होत्या आणि त्या तबकड्या शोधणारा धनवान माणूस त्याच देशात राहत होता.

वेदरफर्ड यांना मिळाले ते वेगळे. शांघायमध्ये त्यांचा इतका बोलबाला झाला की, एकाच रात्री ते एका नृत्यगृहातून दुसऱ्यात जाऊन वाजवीत. १९३३ साली शांघायला गेलेले कृष्णवर्णीय कवी लँगस्टन ह्यूज यांना ते भेटले. हा धिप्पाड, हसतमुख माणूस आशियातल्या कोणत्याही सभागृहात शिरला की लोक टाळ्या वाजवू लागत, अशा अर्थाची आठवण ह्यूज यांनी लिहून ठेवली आहे. पुढच्याच वर्षी ते मायदेशी गेले ते बक क्लेटन यांचा संपूर्ण वाद्यवृंद शांघायच्या कॅनिड्रोममध्ये आणण्यासाठी. मायदेशातील भारी हॉटेलांत त्यांच्यासारख्याला पाहुणा म्हणून खोली मिळाली नसती. येथे त्यांच्या नावावर हॉटेले गिऱ्हाईक ओढत होती.

त्यांच्या वादनाचा दर्जा काय? याचे उत्तर द्यायला आपल्यापाशी पुरावा थोडा आहे. १९३७ च्या जूनमध्ये ते पॅरिसला गेले. तेथे त्याच वर्षी निघालेल्या 'स्विंग' या कंपनीने त्यांचे एकट्याचे पियानोवादन मुद्रित केले. स्कॉट जॉप्लिन यांची १८९९ सालची 'मेपल लीफ रॅग' त्यांत आहे, काही लोकप्रिय गाणी आहेत आणि 'वेदर बीटन ब्लूज' ही ब्लूजच्या घाटाची एक रचना आहे. वेदरफर्ड मूळचे बूगी-वूगीचे वादक नव्हेत. त्यांची शैली 'स्ट्राइड' म्हणून ओळखली जाते. तिच्यात डावा हात मंद्र सप्तकातला एक स्वर आणि मधल्या सप्तकातला स्वरगुच्छ यांच्यामध्ये सतत लांब उड्या घेतो. बूगीतला डावा हात बैठ्या मजुराप्रमाणे जागेवरून काम करतो, स्ट्राइडमधला डोंबाऱ्याप्रमाणे. वेदरफर्ड या उड्यांत वाकबगार होते. वेग थक्क करणारा, बोटांत बळ, अलंकारांची पेरणी भरघोस.

आणि दोष आहे तो येथेच. अलंकार फार झाले आहेत. श्रोत्यांनी वाद्यापाशी गर्दी करून पाहावे असे हे वादन आहे. डोळे मिटून ऐकावे असे ते क्वचितच होते. 'मेपल लीफ रॅग' ही मुळात सावकाश वाजवायची रचना. जॉप्लिन आपल्या रॅग वेगाने वाजवू नयेत असे छापील प्रतींवर बजावून ठेवीत. वेदरफर्ड यांनी ते मनावर घेतलेले दिसत नाही. यान्सी यांच्या तबकड्यांत एकेक स्वर विचार करून ठेवलेला असतो; दोन स्वरांमध्ये जी जागा सुटते तीत दुःखाला बसायला पाट मिळतो. तसा पाट वेदरफर्ड क्वचितच मांडतात. ऊनपावसाने झिजलेल्याचे ब्लूज, असे ज्या रचनेचे नाव आहे आणि जिच्यात त्यांनी स्वतःच्या आडनावावर श्लेष केला आहे, तिच्यात मात्र हॉटेलचा मनोरंजनकार थोडा बाजूला होतो आणि कोळशाच्या गावचा मुलगा दिसतो. एवढ्या ऐवजावर त्यांना पहिल्या प्रतीच्या निर्मात्यांत बसवणे मला जमणार नाही. ते यान्सी नव्हेत, हाइन्सही नव्हेत.

मग त्यांच्यावर लेख कशाला? कारण तबकडी हे त्यांच्या कामाचे खरे ठिकाणच नव्हते. त्या वेळच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत. वेदरफर्ड यांचे काम रोज रात्री चार-पाच तास चाले, सुमारे वीस वर्षे चालले आणि ते वाद्यवृंदात शेजारी बसलेल्या माणसांच्या हातांत साठत गेले. शेजारी बसणारी ही माणसे कोण होती, हा प्रश्न आपल्याला मुंबईत घेऊन येतो.

१९३५ साली लिऑन अ‍ॅबी यांनी कृष्णवर्णीय वादकांचा पहिला जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमध्ये आणला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ या वयोवृद्ध कॉर्नेटवादकाचा वाद्यवृंद आला आणि त्यात पियानोवर वेदरफर्ड बसले. पुढे ते स्वतः वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. अमेरिकेहून सगळेच वादक आणणे परवडणारे नव्हते. रिकाम्या खुर्च्या भरल्या त्या मुंबईतील वादकांनी, आणि मुंबईत स्वरलिपी वाचून वाजवणारे वादक म्हणजे बहुतांशी गोवेकर. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळेत मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी प्रथा होती. हेतू एवढाच की, रविवारच्या मिस्सेला आणि गावच्या फेस्ताला वादक मिळावेत. त्या शाळांतून निघालेली मुले पुढे संस्थानिकांच्या आणि पलटणींच्या बँडमध्ये गेली, मुंबईच्या मूकपटगृहांत पडद्याखाली बसून व्हायोलिन वाजवू लागली.

येथे एक साम्य नजरेस येते, ज्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. वेदरफर्ड शिकागोत मूकपटाला साथ करीत होते, त्याच सुमारास गोवेकर वादक मुंबईत तेच करीत होते. दोघेही कागदावरचे युरोपीय संगीत अस्खलित वाचत. दोघांच्याही देशात गोऱ्यांचे राज्य होते आणि दोघेही गोऱ्यांच्या करमणुकीसाठी वाजवून पोट भरत होते. फरक एकच. गोवेकराला कागद सोडायला कोणी शिकवले नव्हते. लिहिलेले तंतोतंत वाजवणे हीच त्याची शिस्त, आणि चर्चच्या संगीतात ती योग्यही. वेदरफर्ड आणि स्मिथ यांच्याकडे कागद सोडण्याची विद्या होती: स्वर किंचित मागे खेचणे, ठेक्याच्या अलीकडे-पलीकडे पाऊल टाकणे, बारा खंडांच्या चौकटीत दर वेळी नवे बोलणे. ही विद्या तबकडी ऐकून अर्धीच येते. शेजारी बसून, चूक झाली की गुरूच्या भुवईकडे पाहून ती पुरी येते. आपल्या संगीतात याला तालीम म्हणतात. फ्रँक फर्नांड यांच्यासारखे वादक ताजमधल्या या कलावंतांच्या सहवासात घडले. पुढे त्यांनी चित्रपटसंगीतात काम केले आणि 'आमचें नशीब' (१९६३) व 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपटही काढले. मुंबईच्या जॅझचा हा सगळा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी 'ताज महाल फॉक्सट्रॉट' या इंग्रजी पुस्तकात परिश्रमाने मांडला आहे. मराठीत अशा पुस्तकाची उणीव आहे.

पुढची वाट थोडक्यात सांगता येते. १९४७ नंतर इंग्रज अधिकारी गेले, संस्थानिकांचे दरबार आटोपले, आणि १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी आली तेव्हा नृत्यगृहांचे उत्पन्नच बसले. हॉटेलांतले वादक ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंकडे वळले. तेथे कामाची रीत अशी: संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी, साहाय्यक ती स्वरलिपीत उतरवून घेई, कोठे ट्रम्पेट बोलेल, कोठे व्हायोलिने येतील, पियानोचा डावा हात काय करील हे तो ठरवी, आणि तीस-चाळीस वादकांपुढे कागद ठेवले जात. या साहाय्यकाला अरेंजर म्हणत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, जॉनी गोम्स ही त्यांतील काही नावे. सी. रामचंद्रांचे एक साहाय्यक होते हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ज्यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. 'अलबेला' मध्ये ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. 'आशा' मधले ते निरर्थक शब्दांचे प्रसिद्ध गाणे रॉक अँड रोलच्या वळणाचे आहे, आणि रॉक अँड रोल हे बूगी-वूगीचेच अपत्य. त्या गाण्यात कोंकणी शब्द शिरले ते गोवेकर साहाय्यकाच्या तोंडून, असे सांगतात.

यातून सी. रामचंद्र उणे ठरतात असे कोणी समजू नये. दुसऱ्या मातीतले रोप आणून ते येथे फुलवणे ही असामान्य प्रतिभा आहे. चितळकरांच्या उसळत्या गाण्यांतही मराठी लावणीचा ठसका आणि बुवांच्या तालमीतला सुरेलपणा ऐकू येतो. त्यांनी नक्कल केली नाही. हिशेब मात्र पुरा लिहिलेला नाही. श्रेयनामावलीत संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत येई, साहाय्यकाचे आले तर बारीक अक्षरांत, आणि वादकांचे मुळीच नाही. मनमोहन देसाई यांच्या 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मध्ये एका गोवेकर व्हायोलिन-गुरूचे नाव गाण्यात आले ते प्यारेलाल यांनी वाहिलेल्या गुरुदक्षिणेपोटी. तरीही कित्येक वर्षे लोकांना ते नाव काल्पनिकच वाटत राहिले. अँथनी गोन्साल्विस २०१२ साली निवर्तले, तेव्हा अनेकांना कळले की असे एक गृहस्थ खरोखर होते. वादक जिवंत असताना ही गत, तर त्यांना कागद सोडायला शिकवणाऱ्या परदेशी पियानोवादकाची आठवण कोण ठेवणार?

वेदरफर्ड यांच्याविषयी एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही, आणि तो त्यांच्या शेवटच्या वर्षांसंबंधी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कलकत्त्याच्या चौरंगीवरील ग्रँड हॉटेलात वाद्यवृंद चालवीत होते. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर कलकत्ता हे दोस्त सैन्याचे मोठे ठाणे बनले. शहर अमेरिकी आणि ब्रिटिश सैनिकांनी भरले होते आणि त्या सैनिकांना घरची आठवण देणारे संगीत हवे होते. बूगी-वूगीची त्या वेळी अमेरिकेत लाट होती. तेथून तबकड्या निघाल्या, अमेरिकी सैन्याच्या नभोवाणीवरून कार्यक्रम झाले. आणि याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये दुष्काळ पडला. मृतांचा अंदाज वीस ते तीस लाखांपर्यंत जातो. खेड्यांतली माणसे भाताच्या पेजेसाठी कलकत्त्याच्या दारोदार फिरली आणि पदपथांवर मेली. आत नृत्य चालू होते. भुकेल्यांच्या वेदनेतून जन्मलेले संगीत भरल्या पोटांच्या नाचासाठी, भुकेल्यांकडे पाठ करून वाजत होते. या चित्राने ज्याला अस्वस्थ वाटत नाही त्याच्या रसिकतेचा मला संशय येतो.

तरीही या अस्वस्थतेचे ओझे एकट्या पियानोवादकाच्या खांद्यावर टाकणे न्याय्य नाही. धान्याचे भाव, होड्यांची जप्ती, युद्धाचे प्राधान्यक्रम हे निर्णय घेणारे लोक त्या दालनात नाचणाऱ्यांत होते, वाजवणाऱ्यांत नव्हते. शिवाय त्या दालनाबाहेर आणखी एक रांग होती. अमेरिकी सैन्यात तेव्हा गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. आसामातून ब्रह्मदेशाकडे जाणारा लेडो रस्ता खोदणाऱ्या अमेरिकी सैनिकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि रजेवर कलकत्त्याला आले तरी त्यांची विश्रांतीची छावणी निराळी असे. आपल्याच वंशाच्या माणसाचे आपल्याच पूर्वजांचे संगीत त्यांनी कोणत्या दारातून ऐकले असेल, हा विचार मनातून जात नाही. बाबिलोनच्या नद्यांकाठी विणा झाडांना टांगून बसलेल्या निर्वासितांचे स्तोत्र आपल्या परिचयाचे आहे. परक्या भूमीत गावे कसे, हा त्यांचा प्रश्न. वेदरफर्ड यांनी वीणा टांगली नाही. त्यांनी परक्या भूमीत गायले, पकडून नेणाऱ्यांच्याच मेजवानीत गायले, त्याचे पैसे घेतले आणि ते करता करता स्थानिक वादकांच्या हाती आपले वाद्य दिले. हे धारिष्ट होते की तडजोड, यावर दोन मते होऊ शकतात. मला त्यात दोन्ही दिसते.

२५ एप्रिल १९४५ रोजी पटकीने त्यांना गाठले. वय ४१. दुष्काळामागून आलेल्या रोगांनी बंगालमधील गरिबांचा जो संहार केला त्यातलाच हा एक रोग. त्याने हॉटेलच्या दालनाचा आतला आणि बाहेरचा असा भेद केला नाही. युरोपातील युद्ध संपायला तेरा दिवस उरले होते.

ज्यांना हे वादन ऐकायचे आहे त्यांना आता ते कठीण नाही. जुन्या तबकड्यांच्या प्रती उपलब्ध आहेत. तरुण वाचक पॅरिसच्या वेगवान तबकड्यांपासून सुरुवात करतील आणि चकित होऊन तेथेच थांबतील, अशी भीती वाटते. आधी यान्सी ऐकावेत, म्हणजे रिकाम्या जागेची किंमत कळेल. मग पॅरिसमधले ते ऊनपावसाचे ब्लूज. त्यानंतर 'अलबेला', आणि तो ऐकताना गायकाच्या आवाजावरून कान काढून खाली न्यावा, जेथे साथीचा ठेका धरणारी निनावी माणसे आहेत. शेवटी १९२६ ची शिकागोची टेट यांची तबकडी. तीत आर्मस्ट्राँग यांचा ट्रम्पेट सगळ्यांवर ताण करतो. मध्येच तो थांबतो, आणि थोडा वेळ पियानो एकटाच पुढे येतो. उजव्या हाताची घाई तीच, पुढे पॅरिसला दिसते ती, पण वय अवघे बावीस आणि बोट अजून लागायची आहे.